पाटीवरचा मुलूख

मोटारीच्या पुढेमागे पत्र्याची जी एक पट्टी लावलेली असते, तिचे प्रयोजन काय असे कोणी विचारले तर शाळकरी मुलगाही उत्तर देईल की, गाडी कोणाची आहे हे ओळखता यावे म्हणून ती असते. हे उत्तर बरोबर आहे आणि पुरेसेही आहे. पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने १८९३ साली मोटारींवर अशी पट्टी लावण्याचे फर्मान काढले ते याच हेतूने. इंग्लंडात १९०३ साली कायदा होऊन १९०४ च्या पहिल्या दिवसापासून क्रमांक सक्तीचे झाले तेही याच हेतूने. भरधाव जाणाऱ्या वाहनाने कोणास धक्का दिला तर मागाहून त्याचा धनी सापडावा, एवढीच त्या काळच्या राज्यकर्त्यांची अपेक्षा होती.

आपल्या देशात मात्र या पट्टीवर तीन ओझी लादली गेली आहेत. ती ओळखपत्र आहे. ती कर भरल्याची पावती आहे. आणि ती प्रांताचे निशाणही आहे. यांपैकी पहिले काम तिचे स्वतःचे होय. उरलेली दोन तिच्या माथी मारलेली आहेत, आणि त्यांचा जाच ज्यांना विशेष होतो त्यांत स्वप्रांताबाहेर नेमणुकीवर असलेला आपला वर्ग मोडतो. दुसरे ओझे सरकारने लादले; तिसरे लोकांनी हौसेने लादले, आणि त्या लोकांत मराठी लोक मागे नाहीत. आम्ही या दोहोंच्याही विरुद्ध लिहिणार आहोत. तिसऱ्याविषयी लिहिताना आमच्या काही वाचकांची नाराजी ओढवणार हे आम्ही जाणून आहोत. परंतु नाराजीच्या भयाने अर्धे सत्य सांगणे हे नियतकालिकाचे काम नव्हे.

उदाहरण तंजावरचेच घेऊ. या शहरात वायुदलाचा तळ आहे, केंद्र सरकारची अन्नप्रक्रियाविषयक संस्था आहे, दक्षिण क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. शिवाय बँका, रेल्वे आणि टपालखाते आहेच. बदलीच्या हुकुमाने येथे येणारा मराठी अधिकारी भांडीकुंडी आणि मुलांची पुस्तके यांबरोबर आपली मोटारही आणतो. तिच्यावर पुण्याचा एमएच १२, साताऱ्याचा एमएच ११ किंवा सांगलीचा एमएच १० असतो. येथल्या रस्त्यावर त्याला टीएन ४९ हा तंजावरचा आणि टीएन ६८ हा कुंभकोणमचा क्रमांक चोहोकडे दिसू लागतो. आणि वर्ष भरत आले म्हणजे आपल्या पाटीकडे पाहून त्याच्या मनात चलबिचल सुरू होते.

ती चलबिचल अकारण नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे, एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घेणे मालकावर बंधनकारक आहे. त्याकरिता ४८ व्या कलमाप्रमाणे मूळच्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. गाडी कर्जाऊ घेतलेली असल्यास सावकार बँकेची संमती हवी. वाहन चोरीचे नाही, कोणत्या गुन्ह्यात गुंतलेले नाही, याची शहानिशा हवी. हे सर्व पार पडल्यावर नव्या राज्याचा कर भरावयाचा, नवा क्रमांक घ्यावयाचा, नवी पाटी बसवावयाची. आणि मग जुन्या राज्याकडे, आपण पूर्वी भरलेल्या करापैकी न वापरलेल्या वर्षांचा कर परत मिळावा, असा अर्ज करावयाचा. विमा कंपनीला कळविणे, टोलच्या पट्टीवरील क्रमांक बदलून घेणे, ही शेंडेफळे निराळीच.

या साऱ्या खटाटोपाचे मूळ पाटीत नाही, करात आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी मोटारीचा कर दर वर्षी वा दर तिमाहीला भरला जात असे. पुढे बहुतेक राज्यांनी खाजगी मोटारींवर गाडी घेतेवेळीच सर्व वर्षांचा एकरकमी कर घेण्याची पद्धत पाडली. खजिन्याच्या दृष्टीने ती सोयीची होती. वसुलीची यातायात वाचली आणि उद्याचा पैसा आज हाती आला. जो माणूस जन्मभर एकाच गावात राहतो त्याचेही तिच्यात फारसे बिघडले नाही. परंतु ज्याची दर तीन वर्षांनी बदली होते त्याच्याकडून पंधरा वर्षांचे भाडे आगाऊ घेऊन त्याला चौथ्या वर्षी घर सोडावयास लावण्यासारखाच हा प्रकार झाला.

साधा हिशेब मांडून पाहावा. आठ लाखांच्या गाडीवर शेकडा ११ प्रमाणे कोणी ८८,००० रुपये कर भरला असे समजू. पंधरा वर्षांत तो वाटला तर वर्षाला ५,८६७ रुपयांच्या आसपास पडतो. पाच वर्षांनी बदली झाली तर सरळ न्यायाने ५८,६६७ रुपये त्याचे त्याला परत मिळावयास हवेत. ते मिळतात कधी? दुसऱ्या राज्यात कर भरून, नवी नोंदणी करून, तिचे दाखले पहिल्या राज्याच्या कार्यालयात सादर केल्यावर. म्हणजे काही काळ एकाच गाडीचा, एकाच वर्षांचा कर दोन सरकारांच्या पेटीत पडून राहतो, आणि मालक मात्र तंजावरहून सांगलीला पत्रे पाठवीत बसतो. सरकारी नोकराला रजा मोजून मिळते. तेवढ्यासाठी इतक्या दूरचा प्रवास करण्यापेक्षा परताव्यावर पाणी सोडलेले बरे, असा विचार पुष्कळजण करतात. आणि त्याहून अधिक जण जुनाच क्रमांक ठेवून, चौकीवरच्या शिपायाने विचारले तर 'नुकतेच आलो' असे सांगून वेळ मारून नेतात. प्रामाणिक माणसाला खोटे बोलण्याची सवय लावणारा कायदा हा वाईट कायदा होय, मग त्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

आणि हा कायदा अडवितो तरी कोणाला? तंजावरच्या पूर्वेस, कावेरीच्या मुखाजवळ कारैकाल हे गाव आहे. १९५४ पर्यंत तेथे फ्रेंचांचे राज्य होते. आज ते पुदुच्चेरी या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे, आणि जमिनीच्या बाजूंनी त्याच्या भोवती तामिळनाडूच आहे. पुदुच्चेरीतील वाहनकर शेजारच्या राज्यांहून पुष्कळ कमी. त्यामुळे दक्षिणेतील किती तरी धनिकांनी आपल्या किमती गाड्या पुदुच्चेरीच्या नावावर नोंदविल्या. खोटे पत्ते देऊन झालेल्या अशा नोंदणीची केरळात २०१७ साली चौकशी सुरू झाली तेव्हा हा प्रकार सर्वांच्या नजरेस आला. ज्याला लाखो रुपयांचा कर चुकवावयाचा असतो त्याला वकील मिळतो, मुनीम मिळतो, भाड्याचा पत्ताही मिळतो. अडकतो तो बदलीचा हुकूम खिशात घेऊन आलेला मध्यमवर्गीय. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. फ्रेंच गेले, सरहद्दीवरची त्यांची चौकी गेली. परंतु त्याच ठिकाणी आपण कराची नवी सरहद्द उभी करून ठेविली आहे.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला हे पाहणे येथे उपयोगी पडेल. इंग्लंडात क्रमांकातील अक्षरांवरून गाडी प्रथम कोठे नोंदली गेली हे कळते. पण पुढे ती देशात कोठेही गेली तरी क्रमांक बदलत नाही. नेदरलंड्समध्ये पूर्वी प्रांताचे अक्षर असे. १९५१ पासून ते गेले आणि क्रमांक गाडीला कायमचा चिकटला. इटलीने १९९४ साली क्रमांकातून प्रांताचे नाव काढले. स्पेनने तेच २००० साली केले. फ्रान्समध्ये जिल्ह्याचा आकडा हा क्रमांकाचा भागच होता आणि जिल्हा बदलला की क्रमांक बदलावा लागे. २००९ पासून तेथे गाडीला जन्मभरासाठी एकच क्रमांक मिळू लागला. जर्मनीत जिल्ह्याची अक्षरे आजही आहेत, परंतु १ जानेवारी २०१५ पासून बिऱ्हाड हलवून दुसऱ्या प्रांतात गेलेल्या माणसाला जुनीच पाटी ठेवण्याची मुभा आहे. जर्मनी हे आपल्यासारखेच घटकराज्यांचे संघराज्य आहे, ही गोष्ट येथे विसरू नये.

यावर कोणी म्हणेल की, अमेरिकेचे काय? तेथे तर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले की, थोड्याच दिवसांत नवी पाटी घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियातही तसेच आहे. आणि चिमुकल्या स्वित्झर्लंडमध्ये कँटन बदलला की पाटी बदलते. ही उदाहरणे खरी आहेत, पण ती आमच्याच पक्षाला बळकटी आणतात. अमेरिकेत नोंदणीचे शुल्क सामान्यतः एकदोन वर्षांपुरतेच भरावयाचे असते. राज्य सोडणाऱ्याचे जे बुडते ते फार तर काही महिन्यांचे. तेथे पाटी बदलणे ही एका दिवसाची कटकट आहे. येथे ती पंधरा वर्षांच्या रकमेची ओढाताण आहे. तात्पर्य, जगात दोनच पद्धती सुसंगत आहेत. एक तर क्रमांक कायमचा ठेवावा, नाही तर कर थोड्या मुदतीचा ठेवावा. क्रमांक तात्पुरता आणि कर जन्माचा, अशी उलटी सांगड आपण घातली आणि तिचे कोडे नागरिकाला घातले.

हा युक्तिवाद आमच्या वाचकांना कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे, कारण त्यांच्यापुरते हे कोडे सुटले आहे. केंद्र सरकारने २०२१ च्या ऑगस्टात 'भारत मालिका' जाहीर केली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून ती अमलात आली. तिच्या क्रमांकात प्रथम नोंदणीच्या वर्षाचे दोन आकडे येतात, नंतर बीएच ही अक्षरे, मग चार आकडे आणि शेवटी पुन्हा अक्षरे. राज्याचे नाव नाही. कर दोन वर्षांचा किंवा दोनाच्या पटीत भरावयाचा. गाडी दुसऱ्या राज्यात गेली तरी क्रमांक तोच. २०२२ च्या डिसेंबरात नियम बदलून जुन्या नोंदणीच्या गाड्यांनाही या मालिकेत येण्याची वाट मोकळी करण्यात आली. योजना चांगली आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. आम्ही वर ज्या सुसंगतीची मागणी केली तीच या योजनेत आहे.

परंतु ही मालिका कोणासाठी आहे? सेनादलांतील माणसांसाठी, केंद्र व राज्य सरकारांच्या आणि सरकारी कंपन्यांच्या नोकरांसाठी; आणि खाजगी नोकरांपैकी, ज्यांच्या कंपनीची कार्यालये चार किंवा अधिक राज्यांत आहेत अशांसाठी. म्हणजे ज्याच्या पाठीशी मोठी संस्था उभी आहे त्याच्यासाठी. शिवाय सर्व राज्यांनी ती सारख्या उत्साहाने स्वीकारली असेही नाही. महसूल बुडेल या धास्तीने काहींनी हात आखडता घेतला.

आता दक्षिणेतील कोणत्याही सराफ बाजारात डोकावून पाहा. एखाद्या बोळात, एका खोलीच्या दुकानात, मुशीत सोने वितळवीत बसलेला कारागीर आपणांस भेटेल, आणि त्याची बोली कानी पडताच तो विट्याचा, खानापूरचा किंवा आटपाडीचा आहे हे ओळखू येईल. सांगली जिल्ह्यातील दुष्काळी तालुक्यांतून निघालेले हे गलाई बांधव सोने-चांदी शुद्ध करण्याचा व्यवसाय घेऊन देशभर पांगले. त्यांना कोणी बदलीचा हुकूम दिला नव्हता. तो पावसाने दिला. त्यांना प्रवासभत्ता नाही, सरकारी निवासस्थान नाही, चार राज्यांत कार्यालये असलेली कंपनी तर नाहीच नाही. गावाकडची जत्रा, दिवाळी, लेकीचे लग्न यांसाठी तो एमएच १० ची गाडी घेऊन येतो आणि जातो. एका गावात धंदा बसला नाही तर बिऱ्हाड दुसऱ्या राज्यात हलवितो. आमच्या अधिकाऱ्याहून त्याचे स्थलांतर कमी नाही, अधिकच आहे. आणि नेमक्या त्याच माणसाला कायदा सांगतो, 'भारत मालिका तुझ्यासाठी नाही. तू आपला दर वेळी कर भर, अर्ज कर आणि हेलपाटे घाल.'

भारत या नावाची मालिका काढावी आणि तिच्यातून बहुसंख्य भारतीयांना वगळावे, यात जो विनोद आहे तो योजना आखणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा. अधिकारीवर्गाला आमचे सांगणे असे की, आपली सोय झाली म्हणजे न्याय झाला असे नव्हे. आपल्या लेखणीत बळ आहे, आपला अर्ज वाचला जातो, आपण ज्या खात्यात बसतो तेथे मसुदे लिहिले जातात. अशा वेळी आपण आपला बीएच घेऊन गप्प बसलो, तर बोळातल्या त्या कारागिराच्या वतीने बोलणार कोण?

राज्यांचा आक्षेप महसुलाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रस्ते राज्येही बांधतात. वाहनकर हे त्यांच्या हाती उरलेल्या थोड्या साधनांपैकी एक आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यापासून तर राज्यांच्या स्वतंत्र करांचे क्षेत्र बरेच आकसले. वाहनांवरील कर हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीच्या ५७ व्या नोंदीत आहे, हेही खरे. परंतु तीच नोंद समवर्ती सूचीतील ३५ व्या नोंदीच्या अधीन ठेवलेली आहे, आणि या ३५ व्या नोंदीत वाहनांवरील कर कोणत्या तत्त्वांवर बसवावा हे ठरविण्याचा विषय स्पष्ट शब्दांत घातलेला आहे. घटनाकारांनी जाणूनबुजून ही दोरी ठेवून दिली आहे. कर राज्याचाच राहावा. दरही राज्यानेच ठरवावा. परंतु तो किती वर्षांचा आगाऊ घ्यावा आणि गाडी हलल्यावर त्याचे काय व्हावे, हे तत्त्व सर्व देशात एक असावे. यात राज्याच्या हक्काला कोठे धक्का लागतो?

वाटणीची अडचण सांगाल, तर तीही मालमोटारींच्या बाबतीत सुटलेली आहे. २०१० सालापासून राष्ट्रीय परवान्याची नवी पद्धत सुरू झाली. मालमोटारीचा धनी एकच एकत्रित शुल्क भरतो आणि ते ठरलेल्या सूत्राने राज्याराज्यांत वाटले जाते. वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. आज नागपूरची संत्री नागपट्टिणमला विनाअडथळा जातात. संत्री वाहून नेणारी मोटार एका परवान्याने जाते. फक्त संत्री विकणाऱ्याची स्वतःची गाडी तेवढी दर मुक्कामी परकी ठरते. मालाला देश मोकळा आणि माणसाला बंद, ही व्यवस्था व्यापाऱ्यालाही उमगणार नाही, मग शहाण्याची गोष्ट दूरच.

येथवर आम्ही सरकारशी बोललो. आता स्वजनांशी बोलू.

परमुलखात एमएचची पाटी पाहून मराठी माणसाला जो आनंद होतो तो आम्हांसही ठाऊक आहे. अनोळखी रस्त्यावर अनोळखी गाडीच्या मागे ती दोन अक्षरे दिसावीत आणि हात हलवून विचारपूस करावी, यात वावगे काही नाही. वावगे तेव्हा होते, जेव्हा ही ओढ अभिमानाचे रूप घेते आणि अभिमान पत्र्यावर येऊन बसतो. सात वर्षे तामिळनाडूत राहून 'मी टीएन घेणार नाही, माझी गाडी महाराष्ट्राचीच राहील' असे मिशीवर ताव देऊन सांगणारे लोक आहेत. त्यांच्या घरातली मुले मराठी वाचत नाहीत. दिवाळी अंक येत नाही. पण पाटी मात्र मराठी! एका शहराला दुसऱ्याहून उच्च मानणारी, १२ म्हणजे खानदानी आणि १४ म्हणजे उपनगरी अशी जातव्यवस्थाही या आकड्यांतून उभी राहिली आहे. आकड्यांना वळसे देऊन 'दादा' आणि 'राम' वाचावयास लावणारी कलाकुसर ही तिची धाकटी बहीण. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा.

पाटीवर प्रांत लिहिला की, तो केवळ आपल्या माणसालाच वाचता येतो असे नाही; जमावालाही येतो. २०१६ च्या सप्टेंबरात कावेरीच्या पाण्यावरून बंगळूरुत दंगल उसळली तेव्हा तामिळनाडूच्या क्रमांकाच्या कित्येक बसगाड्या जाळण्यात आल्या, आणि इकडे तामिळनाडूत कर्नाटकाच्या गाड्यांवर हल्ले झाले. त्या कावेरीच्या पाण्यावर तंजावरची शेती उभी आहे. परंतु जळालेल्या गाड्यांच्या चालकांनी तिचा एक थेंबही अडविला अथवा पळविला नव्हता. २०२२ च्या डिसेंबरात सीमाप्रश्न तापला तेव्हा बेळगावजवळ महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगड पडले, आणि पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दोन्हीकडे दगड मारणाऱ्याने काय पाहिले? चालकाचा चेहरा पाहिला नाही, त्याची भाषा ऐकली नाही. दोन अक्षरे वाचली. बेळगावच्या रस्त्यावर केए २२ च्या गाडीत मराठी माणूस बसलेला असतो, आणि एमएचच्या मालमोटारीचा चालक पुष्कळदा तिसऱ्याच प्रांताचा असतो. पाटी खोटी साक्ष देते आणि दगड तिच्यावर विश्वास ठेवतो. सीमाभागातील मराठी जनतेचा प्रश्न न्यायाचा आहे, तो न्यायानेच सुटावा. परंतु परक्याच्या गाडीची काच फोडून तो तसूभरही पुढे सरकत नाही.

आणि पाटीवाचून मराठीपण टिकत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी तंजावरला येऊन डोळे उघडून पाहावे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी येथे भोसल्यांची गादी स्थापन केली. १८५५ साली इंग्रजांनी हे राज्य खालसा केले. राज्य जाऊन पावणेदोनशे वर्षे होत आली. तरी बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही वाचता येतो. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. आणि या दोहोंहून मोठी गोष्ट ही की, तंजावरी मराठी घरांतून आजही बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्द आले, तिचे हेल आपल्या कानाला वेगळे लागतात, लिहिण्याला ती पुष्कळ घरांत तमिळ लिपी वापरते. पण ती जिवंत आहे. ज्या घरांनी ती तीनशे वर्षे सांभाळली त्यांच्या दारापुढे आज टीएन ४९ चीच गाडी उभी असते. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही, आणि त्यांचे मराठीपण तसूभरही उणे होत नाही. भाषा स्वयंपाकघरात टिकली, देवघरात टिकली, पाळण्याजवळ टिकली. पत्र्यावर टिकावयाची तिला गरज पडली नाही.

त्याच राज्यकर्त्यांची आणखी एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. सरफोजीराजांच्या काळी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे होती. ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र त्यांपैकी प्रसिद्ध. तेथे येणाऱ्या वाटसरूला अन्न मिळे आणि आजाऱ्याला औषध मिळे. तो कोणत्या मुलखाचा आहे यावर त्याचे पान अडत नसे. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या रस्त्याने जी ओळख मागितली नाही, ती आजचा रस्ता मागतो, हे प्रगतीचे लक्षण म्हणावे काय?

लिपीचा प्रश्नही याच ओघात निकालात काढू. पाटीवर देवनागरी आकडे असावेत असा आग्रह अधूनमधून ऐकू येतो. बांगलादेशात पाट्या बंगाली लिपीत आहेत. नेपाळात त्या देवनागरीत होत्या. २०१७ पासून तेथे रोमन लिपीतील उठावाच्या पाट्या येऊ लागल्या तेव्हा मोठा विरोध झाला, आणि तो स्वाभाविक होता. परंतु बहुभाषी देशात पाटी ही वाचणाऱ्याची सोय असते, लिहिणाऱ्याची नव्हे. अपघातानंतर तंजावरच्या शेतकऱ्याला देवनागरी आकडा टिपता आला नाही, किंवा सोलापूरच्या हमालाला तमिळ अक्षर ओळखता आले नाही, तर पाटीचे मूळ प्रयोजनच बुडाले. मराठीचा आग्रह शाळेत धरा, न्यायालयात धरा, दुकानाच्या फलकावर धरा. तेथे तो शोभतो आणि तेथे त्याची निकड आहे.

आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, खाजगी वाहनाला पहिल्या नोंदणीच्या दिवशी जो क्रमांक मिळेल तो ते मोडीत निघेपर्यंत राहावा, आणि त्यात प्रांताचे अक्षर नसावे. दुसरी, वाहनकर एका वा दोन वर्षांच्या मुदतीने घ्यावा आणि गाडी ज्या राज्यात असेल त्या राज्याला मिळावा. ही सवलत सरकारी नोकराला जशी आहे तशीच गलाईवाल्याला, खानावळवाल्याला आणि कापडाच्या फेरीवाल्यालाही असावी. तिसरी, ज्यांना आपल्या मुलखाचे नाव गाडीवर मिरवावेसे वाटते त्यांच्यासाठी पाटीच्या कडेला एक छोटी पट्टी मोकळी ठेवावी. फ्रान्सने अशा पट्टीवर आवडीच्या कोणत्याही जिल्ह्याचा आकडा लावण्याची मुभा दिली, मग मालक राहावयास कोठेही असो. इटलीनेही प्रांताचे नाव ऐच्छिक म्हणून कडेला ठेवले. त्या पट्टीवर कोणी सांगली लिहावी, कोणी तंजावर लिहावे, आणि कोणी दोन्ही गावांचा विचार करून ती कोरीच ठेवावी. तिच्यावर कर बसणार नाही, आणि तिच्यामुळे कोणाला अर्ज करावा लागणार नाही.

सरकारने पहिल्या दोन मागण्या मान्य करण्यास काही वर्षे लागतील. स्वजनांना करावयाचे आहे ते मात्र आजच करता येईल. ज्यांना बीएच घेता येतो त्यांनी तो घ्यावा आणि ज्यांना घेता येत नाही त्यांच्यासाठी अर्ज लिहावा. ज्यांना येथे दीर्घकाळ राहावयाचे आहे त्यांनी निःशंक मनाने टीएन ४९ लावावा, ज्या रस्त्यावरून चालतो त्याचा कर त्या रस्त्याला द्यावा, आणि त्या रस्त्याची भाषाही शिकावी. घरात मुलांशी मराठी बोलावे. मग गाडीच्या मागे कोणतीही अक्षरे असोत, आत कोण बसले आहे हे कोणाला विचारावे लागणार नाही.